परक्याची गड्डी

तीन बहिणी होत्या. एकमेकींसारख्या दिसायच्या, एकीला पाहिलं की दुसरी आठवायची, आणि त्यांचे आईबाप कोण हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. बहिणी म्हणजे माणसं नव्हेत, भाषा. एका डोंगराच्या तीन टप्प्यांवर तीन गावं होती आणि प्रत्येक गावाची आपापली भाषा होती. भाषा संस्थेतल्या लोकांनी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं पाडली होती. खाली सपाटीवर कोसच्या कोस जी मोठी भाषा बोलली जायची, तिच्याशी या तिघींचं वरवर तरी काही जुळत नव्हतं. एवढंसं कूळ, बोलणारी माणसं मूठभर, पण त्यावरून भांडणारे विद्वान पोत्याने. जगाची रीतच आहे ही. ज्याचा वाली कोणी नाही, त्याचे मालक फार.

या तिघींसाठी संस्थेतल्या सरांनी आपली हयात घालवली होती. त्यांचं म्हणणं असं की डोंगरातल्या या बहिणी मुळात पार समुद्राकाठच्या एका जुन्या भाषेच्या लेकी. केव्हातरी माणसं स्थलांतर करून वर चढली आणि तिथेच राहिली. यावर त्यांनी दोन जाडजूड पुस्तकं लिहिली होती. ती किनाऱ्याची भाषा जाणणारा माणूस या शहरात एकच, तो म्हणजे सर स्वतः.

आणि सूनबाई म्हणजे सरांची सून. आधी त्यांची विद्यार्थिनी झाली, मग त्यांच्या मुलाशी लग्न केलं, आणि संस्थेत कामाला लागली तेव्हापासून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला सूनबाईच म्हणू लागले. ती मात्र सासऱ्यांना घरीसुद्धा सरच म्हणायची. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. भाषेशी त्याचा संबंध शिव्या देण्यापुरता. "आमच्याकडे जेवायला बसायचं तर आधी हजेरी द्यावी लागते," असं तो पाहुण्यांना सांगायचा.

हे सगळं वर्षानुवर्षं सुखाने चाललं असतं. पण भाषा मंडळाने नवा नियम काढला. मधल्या गावात एक शाळा होती आणि तिथे पहिले चार वर्ग गावच्या भाषेतून चालायचे. नियम म्हणाला, जी भाषा मोठ्या भाषेचीच शाखा आहे तिला वेगळे वर्ग मिळणार नाहीत. मग या तिघी शाखा की परक्या घराण्यातल्या? मंडळाच्या अध्यक्षांना नोंदीत एक रकाना भरायचा होता. सरांच्या विरोधात एक बाई उभ्या होत्या. भलेभले लेख त्या असे कापायच्या की लोक त्यांना कात्रीबाई म्हणत. त्या म्हणत होत्या की या तिघी मोठ्या भाषेच्याच, फक्त झिजून ओळखू येईनाशा झालेल्या.

"आणि दोघांचंही सिद्ध झालं नाही तर?" सूनबाईने अध्यक्षांना विचारलं होतं.

"तर काय? 'माहीत नाही' असा रकाना माझ्याकडे नाही, बाई. घोडं कुठल्यातरी तबेल्यात बांधावंच लागतं. तुम्ही तुमच्यात बांधलं नाहीत तर मी ते मोठ्या भाषेच्या तबेल्यात बांधून मोकळा होईन."

म्हणजे सरांचं खरं ठरलं तर वर्ग राहणार, नाही ठरलं तर बंद. एवढा साधा मामला होता. म्हणून शेवटी चाळणी लावायचं ठरलं.

चाळणी ही सरांचीच युक्ती. दोन भाषा नात्यातल्या आहेत का हे पाहायचं तर अर्थ तोच घेऊन दोन्हीकडचे शब्द एका कार्डावर शेजारीशेजारी लिहायचे. पाणी, हाड, जीभ, चंद्र, दगड असे साधे शब्द. पारखणाऱ्याने एकेक कार्ड पाहून खूण करायची, हे नात्यातले वाटतात की नाही. पण माणसाला नातं शोधायची खोड असते. तान्ह्या पोराच्या नाकात आत्याचं नाक शोधणारी जात ती! म्हणून सरांनी नियम केला होता की प्रत्येक परीक्षेत आणखी एक गड्डी घालायची, जिचा कशाशी काही संबंध नाही अशा कुठल्यातरी दूरच्या भाषेची. तिला ते 'परका' म्हणत. पारखणाऱ्यांना कळू द्यायचं नाही की खरी कोणती आणि परक्याची कोणती. खरीने परक्याला चांगलं मागे टाकलं तर नातं. नाही टाकलं तर आपल्या डोळ्यांचा खेळ.

आणि खरी कोणती हे कार्डं तयार करणाऱ्याने फक्त डोक्यात ठेवायचं. कुठेही लिहायचं नाही, कारण सरांच्या मते कागदाला पाय फुटतात. निकालाच्या दिवशी सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं. त्याआधी जो कोणी ते विचारील, तो संस्थेतून बाहेर. हे नुसतं भिंतीवर लावण्यापुरतं नव्हतं. सरांच्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्याने एकदा चहा पिताना कार्डं करणाऱ्याला हसतहसत विचारलं होतं, "सांग ना, कुठली?" सरांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. तो आता विमा विकतो.

या वेळी कार्डं सूनबाईने तयार केली होती. डोंगरातल्या शब्दांसमोर एका गड्डीत सरांच्या वह्यांतून उतरवलेले किनाऱ्याचे शब्द आणि दुसऱ्या गड्डीत वाळवंटापलीकडच्या एका भाषेचे. एका गड्डीला हिरवं रबर लावलं, एकीला पिवळं. पारखायला बसल्या कात्रीबाई आणि संस्थेतले डुलकीसाहेब. डुलकीसाहेब सभेत हमखास झोपायचे, पण कामाला चोख होते. दोघांनाही ना किनाऱ्याची भाषा येत होती, ना वाळवंटाची. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसले. दुपारपर्यंत खुणा करून झाल्या, डुलकीसाहेबांनी आणि सूनबाईने मिळून त्या मोजल्या.

हिरव्या गड्डीत नात्याच्या खुणा पिवळीच्या जवळजवळ दुप्पट निघाल्या. दोन्ही पारख्यांच्या.

"हिरवी जिंकली!" डुलकीसाहेब पूर्ण जागे होऊन म्हणाले. "अहो सूनबाई, पेढे! बोलू नका, बोलू नका, तुमच्या तोंडाला कुलूप, मला ठाऊक आहे. पण एवढा फरक म्हणजे काय, हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

सूनबाई हसली. हसणं भागच होतं. हिरवी गड्डी परक्याची होती.

कसं झालं हे तिला तिथेच उभ्याउभ्या कळलं. वाळवंटाच्या भाषेत ध्वनी थोडे, शब्द आखूड. मा, ना, का, ता असले बाळबोध शब्द कुणाशीही जुळून जातात, जसा साधा सदरा कुणाच्याही अंगाला होतो. म्हणजे जुळणी होती ती योगायोगाची. आणि किनाऱ्याची भाषा त्या योगायोगाच्याही मागे पडली होती. सरांची दोन जाडजूड पुस्तकं एका दुपारी पडली होती, आणि हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. खुणा केलेल्या गड्ड्या सीलबंद करून मंडळाच्या कपाटात गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनावणी होती.

घरी पोचली तर बातमी तिच्या आधी पोचलेली. डुलकीसाहेबांनी फोन केला होता; नियम फक्त कुठली खरी हे न सांगण्याचा होता, आकडे सांगायला बंदी नव्हती. बाहेरच्या खोलीत मधल्या गावच्या शाळेची मास्तरीण बसली होती. सुनावणीसाठी ती डोंगरावरून आली होती आणि त्यांच्याकडेच उतरली होती. हाडापेराने दणकट, हसली की खोली भरायची.

"ताई, मी गावात कळवून टाकलं," ती म्हणाली. "पोरांना म्हटलं, पाट्या पुसून ठेवा, सोमवारपासून आपल्याच भाषेत धडे."

"अगं, निकाल उद्या आहे ना?"

"दुप्पट म्हणे! दुप्पट म्हणजे काय कमी झालं? माझी आई म्हणायची, पानात दुप्पट वाढलं की ओळखावं, घरात काहीतरी चांगलं घडलंय." आणि ती पुन्हा हसली.

नवऱ्याने हात धुताधुता बायकोकडे पाहिलं. "तुझं तोंड का असं? लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासारखं."

"दमलेय," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

 सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते, मांडीवर पुस्तक उलटं. दुप्पट म्हटल्यावर दुसऱ्या कोणी उड्या मारल्या असत्या. पण सरांना आपली चाळणी माहीत होती, आणि त्याहून जास्त सून माहीत होती. ती आत येताना त्यांनी एकदाच तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नंतर बघितलंच नाही.

सूनबाई भाजी चिरत राहिली. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. खरं सांगितलं तर सरांची हयात मातीत, आणि बाहेर हसणाऱ्या त्या बाईचे वर्ग बंद. न सांगितलं तर? ते किती सोपं होतं! कुठे लिहिलेलं नाही. कुणाला माहीत नाही. उद्या अध्यक्षांनी विचारलं, खरी कोणती, की फक्त एक शब्द बोलायचा: हिरवी. गड्ड्यांची अदलाबदल हाताने करायचीसुद्धा गरज नव्हती, तोंडाने झाली असती. हिरव्या कार्डांवरचे शब्द किनाऱ्याचे नाहीत हे ओळखेल असा माणूस एकच, आणि तो खिडकीजवळ बसला होता.

तो ओळखेल, आणि मग काय करेल? तिला हेच कळत नव्हतं. एक मन म्हणे, उठून उभे राहतील आणि सगळ्यांदेखत तुझी साल काढतील. दुसरं मन काही म्हणतच नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

मागे पाऊल वाजलं. सर दारात उभे होते. स्वयंपाकघरात ते सहसा येत नसत. आले की काहीतरी सांडायचं.

"पाणी देऊ?" तिने विचारलं.

"नको." त्यांनी दार हळूच लोटलं. बाहेर नवरा मास्तरणीला लिफ्टचे किस्से सांगत होता. सर तिच्या हातातल्या सुरीकडे पाहत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हिरवी... परक्याची आहे?"

सूनबाईचा हात थांबला. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ज्या माणसाने एवढ्याशा प्रश्नासाठी एका पोराच्या आयुष्याची दिशा बदलली, तो माणूस कांद्याच्या सालींपाशी उभा राहून तोच प्रश्न विचारत होता.

"सर, असं विचारू नका."

"विचारलं नाही म्हण."

"विचारलंत तुम्ही."

ते ओट्याला टेकले. एकदम म्हातारे दिसायला लागले. "हे बघ. माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. उद्या कुणी कार्डं पुढे केली तरी मला ती नीट दिसतील असं नाही. तू जी म्हणशील ती... मी काही बोलणार नाही. एवढंच सांगायला आलो." आणि थोडं थांबून, "त्या मुलीच्या शाळेचाही प्रश्न आहे ना."

शाळेचं नाव पुढे केलं तेव्हा सूनबाईला राग आला, भयंकर राग. बुडत्याने काडीचा आधार घ्यावा, पण काडी तरी स्वतःची घ्यावी! तिने सुरी पुन्हा कांद्यावर ठेवली. सर दार उघडून बाहेर गेले आणि मास्तरणीच्या कुठल्याशा विनोदाला मोठ्याने हसले. त्यांचं हसणं ऐकून तिला रडू फुटलं, आणि बरं झालं की समोर कांदा होता.

नियमाप्रमाणे तिने हे लगेच जाहीर करायला हवं होतं. कुणाकडे करणार? नियम बनवणाराच नियम मोडून पानावर येऊन बसला होता. "सर, भात घ्या," ती म्हणाली, आणि त्यांनी घेतला.

सकाळी मंडळाची खोली माणसांनी भरली होती. लांब टेबल, वर पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर मंद चालणारा पंखा. टेबलाच्या मधोमध दोन गड्ड्या ठेवल्या होत्या, हिरव्या रबराची फुगलेली आणि पिवळी तिच्याशेजारी. अध्यक्ष चष्मा पुसत होते. एका बाजूला कात्रीबाई, ताठ. डुलकीसाहेब आज जागे. सर सूनबाईच्या शेजारी बसले होते, आणि मास्तरीण मागच्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून.

अध्यक्षांनी आकडे वाचले. खोलीत कुजबुज झाली. मास्तरणीने कुणाला तरी कोपराने ढोसलं.

"हं, सूनबाई," अध्यक्ष म्हणाले. इथेही सूनबाईच. "सांगून टाका एकदाचं. खरी गड्डी कोणती?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायची होती.  तिने सरांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय बोलली असती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एवढं मात्र तिला स्वच्छ दिसत होतं, की तिने 'हिरवी' म्हटलं तर शेजारी बसलेला हा माणूस गप्प बसेल, आणि तो गप्प बसलेला तिला उरलेला जन्म रोज जेवायला वाढावा लागेल.

"पिवळी," ती म्हणाली.

कुणाला कळलंच नाही. अध्यक्षांनी कानाला हात लावला. "कोणती?"

"खरी पिवळी. हिरवी परक्याची होती. किनाऱ्याशी नातं चाळणीतून उतरलं नाही."

मग एकच गलका झाला. डुलकीसाहेब उभे राहिले. "छे छे, काहीतरी घोटाळा आहे. सूनबाई, तुम्ही बावरलात. आठवा नीट."

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क मायाळू झाला. "लिहिलेलं तर कुठे नाही. दोन रंग, उलटसुलट व्हायला कितीसा वेळ लागतो? घाई नाही. पाणी प्या, आठवा आणि सांगा."

मागून मास्तरणीचा आवाज आला, "ताई, आठवा हो."

सगळी खोली तिला दार उघडून देत होती. एक पाऊल टाकायचं फक्त. "मला आठवतंय," सूनबाई म्हणाली. "पिवळी."

अध्यक्षांनी पेन टेबलावर आपटलं. "मग आता माणसाच्या आठवणीवर कूळ ठरवायचं का? हे असं नाही चालणार. सर, तुम्हाला किनाऱ्याची भाषा येते. घ्या ही हिरवी गड्डी. बघा आणि सांगा, हे शब्द तिकडचे आहेत की नाहीत."

हे सूनबाईच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला वाटलं होतं, आपण बोललो की संपलं. आता गड्डी सरांच्या पुढ्यात आली. म्हणजे तिचं खरं आता त्यांच्या हातात होतं. ते नुसतं 'हो' म्हणाले असते तरी खोलीतल्या प्रत्येकाने सुटकेचा श्वास टाकला असता. बावरलेली सून, आणि सावरून घेणारे सासरे. पुस्तकं वाचली असती, शाळा वाचली असती, गेली असती ती एकट्या सूनबाईची अक्कल.

सरांनी रबर काढलं. ते तुटून त्यांच्या बोटावर बसलं. त्यांनी चष्मा चढवला, पहिलं कार्ड डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. दुसरं घेतलं. तिसरं. पंख्याने वरचं एक कार्ड उडून खाली पडलं, ते कात्रीबाईंनी वाकून उचललं आणि मुकाट्याने परत ठेवलं. सर कार्डं उलटत राहिले.  सूनबाईने टेबलाची कड धरली. तिला वाटलं, आता ते म्हणतील, डोळे अधू झालेत, मला दिसत नाही.

"दिसतंय मला," सर म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं. "स्वच्छ दिसतंय. यातला एकही शब्द किनाऱ्याचा नाही. माझी सून बरोबर सांगते आहे."

त्यांनी गड्डी सारखी केली, खाली ठेवली. मग उठून उभे राहिले. "आणखी एक गोष्ट नोंदवून घ्या. काल संध्याकाळी, निकाल जाहीर व्हायच्या आधी, मी हिला विचारलं की हिरवी परक्याची आहे का."

कात्रीबाईंनी झटकन मान वर केली.

"सर," डुलकीसाहेब म्हणाले, "अहो, घरात बोलण्याबोलण्यात एखादा शब्द..."

"बोलण्याबोलण्यात नाही. दार लोटून विचारलं."

 अध्यक्षांनी सूनबाईकडे मान वळवली. "हे खरं आहे का, बाई? तुम्ही नाही म्हणालात तर मी हे लिहून घेणार नाही. वयस्कर माणूस आहे, आज धक्का बसलाय. तुमच्या एका शब्दावर आहे."

पुन्हा एका शब्दावर. पहिल्या शब्दाने तिने सरांचा सिद्धांत मारला होता. या शब्दाने त्यांची खुर्ची, खोली, संस्थेच्या दारावरची पाटी आणि चाळीस वर्षांचा दरारा जाणार होता. आता तिने सरांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते. त्या नजरेत हुकूम नव्हता, गयावया नव्हती. परीक्षेला बसलेलं मूल निकालाकडे पाहतं तसे ते पाहत होते.

"हो," सूनबाई म्हणाली. "विचारलं होतं."

सरांनी मान हलवली. पिशवी उचलली, खुर्ची सरकवून जागेवर लावली आणि बाहेर गेले. दार आपोआप बंद झालं.

अध्यक्षांनी बराच वेळ कपाळ चोळलं. मग रकान्यावर पेन ठेवून ते पुटपुटले, "म्हणजे किनारा गेला. मग राहिली मोठी भाषा. कात्री... क्षमा करा, बाई, तुमचा दावा नोंदवतो."

मागे मास्तरीण उठून उभी राहिली. तिचं हसू केव्हाच गेलं होतं. "ताई, तुम्ही खरं बोललात, पुण्य तुम्हाला लागलं. वर्ग आमचे गेले. पोरांना मी काय सांगू?"  सूनबाईने मान खाली घातली.

कात्रीबाई टेबलावरची हिरवी कार्डं बघत होत्या. एकेका कार्डावर त्यांच्या स्वतःच्या हाताच्या खुणा होत्या, ठळक, आत्मविश्वासाने केलेल्या. वाळवंटापलीकडच्या माणसांना त्यांनी डोंगरातल्या बहिणींचे सख्खे मामा ठरवलं होतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "लिहू नका."

"आता काय?"

"मोठ्या भाषेशी जुळणारे शब्द मी याच डोळ्यांनी काढलेत. परका न घालता." हे बोलताना त्यांना दात काढून घेतल्यासारखं दुखत होतं हे सगळ्यांना दिसलं. "ज्या डोळ्यांनी ही हिरवी गड्डी नात्यातली ठरवली, त्यांच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. माझ्या दाव्यालाही चाळणी लावा. तोवर माझं नाव त्या रकान्यात नको."

"अहो, मग मी लिहू काय? घोडं बांधू कुठे?"

"मोकळं सोडा," सूनबाई म्हणाली. "या तिघी कुणाच्या ते ठाऊक नाही. आम्हाला नाही, यांना नाही, तुम्हालाही नाही. शाखा आहेत असं सिद्ध झाल्याशिवाय वर्ग बंद करता येत नाहीत, हा तुमचाच नियम आहे. ज्या माणसाने आपली सगळी मिळकत टेबलावर ठेवून आत्ता खरं सांगितलं, त्याच्यानंतर तुम्ही अंदाजाने रकाना भरणार आहात का?"

 अध्यक्षांनी रकान्यात आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, निर्णय प्रलंबित, वर्ग चालू. लिहिताना ते वैतागले होते, आणि उद्या वरून कुणी विचारलं तर काय सांगायचं हे स्वतःशीच बडबडत होते.

मास्तरणीने ते स्वतः जाऊन वाचलं. दोनदा वाचलं. "तात्पुरतं तर तात्पुरतं," ती म्हणाली. "आमच्याकडे छप्परसुद्धा तात्पुरतंच आहे." सूनबाईच्या खांद्यावर तिने हात ठेवला, पण मिठी मारली नाही. राग अजून पुरता उतरला नव्हता, आणि तिचंही बरोबर होतं.

सूनबाई खाली आली तेव्हा सर बसथांब्यावर बाकावर बसले होते. मंडळाची इमारत सोडून तासभर तरी झाला असेल, दोनतीन बस गेल्या असतील. घर एकच, रस्ता एकच. जायचं तर बरोबरच. ती शेजारी बसली. वर काय झालं ते तिने थोडक्यात सांगितलं. शाळेचं ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. कात्रीबाईंचं ऐकून म्हणाले, "बाई सरळ आहे. मी उगीच वीस वर्षं नावं ठेवली."

बस आली. दोघंही उठले नाहीत. बस गेली.

"तुला त्यांनी विचारलं ना," सर रस्त्याकडे बघत म्हणाले, "हे खरं आहे का म्हणून. तेव्हा मला वाटत होतं, हिने नाही म्हणावं. मीच कबूल केलं, आणि मीच वाट बघत होतो तू नाही म्हणण्याची. माणूस मोठा लबाड प्राणी आहे गं."

सूनबाईने पायाजवळ पडलेलं बसचं जुनं तिकीट उचललं.

"तू नाही म्हणाली असतीस तर मी तुला कधीच माफ केलं नसतं," सर म्हणाले.  "आणि हो म्हणालीस म्हणून माफ करायलाही मला जरा वेळ लागेल."

"लागू द्या," ती म्हणाली. तिने त्यांची पिशवी आपल्या मांडीवर घेतली, आणि दोघं पुढच्या बसची वाट पाहत बसले.